सातही साचे भरले, आता बोलायचं काय?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. एका काल्पनिक डोंगरी राज्यावर तुम्ही कादंबरी लिहिताय आणि तिथल्या लोकांची भाषा हिब्रूच्या वळणावर रचताय. तीन-तीन व्यंजनांचे साठ धातू केलेत, हिब्रूतले क्रियापदांचे सातही साचे (म्हणजे त्या तीन व्यंजनांभोवती स्वर आणि उपसर्ग बसवायच्या ठरलेल्या पद्धती) जवळपास तसेच उचललेत आणि ४२० घरांचा तक्ता भरून काढलाय. पण पात्राच्या तोंडी 'तू दार का उघडलंस?' एवढं घालायचं म्हटलं तरी कुठलं रूप घ्यायचं ते ठरत नाही. शिवाय काळ ठेवायचे की क्रिया पूर्ण-अपूर्ण एवढाच भेद, 'वाव' (म्हणजे 'आणि' या अर्थाचं 'वा' हे अव्यय) लावून काळ उलटवायची गंमत घ्यायची का, धातू अनियमित करायचे का, आणि जाता जाता शेवटी विचारलंय की आज्ञार्थ वेगळा हवा का.

खरी अडचण तक्त्यात नाही. तुमच्याकडे रूपं आहेत, पण त्यांना कामं वाटून दिलेली नाहीत. हिब्रूने ही कामं दोन-अडीच हजार वर्षं बोलून, लिहून, प्रार्थना म्हणून वाटून घेतली. तुम्ही साचे आणलेत, वाटणी आणलेली नाही. आणि ती जशीच्या तशी आणताही येत नाही, कारण ती एका साच्याला एक काम अशी कधी नव्हतीच.

आधी एक गोष्ट तुमच्या तुम्हीच ठरवायची आहे: ही भाषा पुस्तकात किती दिसणार? गावांची नावं, एखादी शपथ, दारावरचा लेख, एवढंच असेल तर क्रियापदाची दोन रूपं पुष्कळ झाली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या टॉल्किन यांनी बुटक्यांची खुझदुल ही भाषा अशीच सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या घराण्याच्या, वळणाने रचली. तिचा वाचकांसमोर आलेला ऐवज म्हणजे नावं, एक रणघोष आणि थोडे सुटे शब्द, आणि तेवढ्यावर ती खरी वाटते. पुढचं सगळं मी तुमची पात्रं त्या भाषेत चार वाक्यं तरी बोलणार आहेत असं धरून लिहितोय.

क-त-व या धातूने आपल्यासारख्यांचं फार नुकसान केलंय. हिब्रूच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात तो भेटतो: कातव म्हणजे लिहिलं, निख्तव म्हणजे लिहिलं गेलं, हिख्तीव म्हणजे लिहून घ्यायला सांगितलं, हुख्तव म्हणजे तसं सांगितलं गेलं, हित्कातेव म्हणजे एकमेकांना पत्रं लिहिली. इतकं सरळ बसतं की वाटतं, साचा म्हणजे गणिताचं सूत्र. कुठलाही धातू घाला आणि अर्थ बाहेर काढा. मग ल-म-द घ्या. लामद म्हणजे शिकला. शिकवलं हे प्रयोजक, म्हणजे ते प्रयोजकाच्या हिफ्इल साच्यात हवं. पण ते आहे पिएल या वेगळ्याच साच्यात, लिमेद. निख्नस म्हणजे आत शिरला. हा निफ्अल, पुस्तकात कर्मणी म्हणून शिकवलेला साचा, आणि इथे माणूस स्वतःच्या पायांनी आत शिरतोय. द-ब-र तर अजून मजेदार. दिबेर म्हणजे बोलला. साध्या पाअल साच्यात आज त्याचं एकच रूप खऱ्या अर्थाने रुळलेलं आहे, दोवेर, म्हणजे प्रवक्ता. आणि तीच व्यंजनं हिफ्इलमध्ये घातली की मिळतो मदबीर, म्हणजे घरातली झुरळं आणि वाळवी मारायला येणारा माणूस. तिथे बोलण्याचा संबंध नाही.  सातही साच्यांत नीट नांदणारे धातू हिब्रूत फार थोडे आहेत. बाकीच्या तक्त्यांत भोकं आहेत, आणि भाषा त्या भोकांसकट भाषा आहे.

मी हे शहाणपण मार खाऊन शिकलो. माझ्या पहिल्या भाषेत नऊ साचे आणि १४० धातू होते. १,२६० घरं मी एका पावसाळ्यात भरली आणि फार खूश होतो. पुढे तीन वर्षं त्या भाषेत मजकूर लिहिला आणि मग मोजलं, तर प्रत्यक्ष वापरलेली रूपं दोनशेच्या आतबाहेर. उरलेल्या हजारांनी माझं काही बिघडवलं नाही असं मात्र नाही. नवा शब्द हवा असला की मी विचार करायचा सोडून तक्त्यात बोट फिरवायचो, आणि तिथे मिळायचा तो अर्थ नेहमी बेचव असायचा.

म्हणून आता मी उलटा जातो. वाक्य आधी, साचा मागून. तुमचंच वाक्य घेऊ.

'दार उघडलं.' मराठीत हे दोन्हीकडे चालतं. वाऱ्याने दार उघडलं तरी तेच रूप, आणि तुम्ही कडी काढून दार उघडलंत तरी तेच. पण पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, सुटणं-सोडणं इथे आपणही आतला स्वर बदलूनच काम काढतो. व्यंजनं जवळपास तीच (कुठे 'ट'चा 'ड' होतो तेवढाच), मधला स्वर वेगळा. म्हणजे तुम्ही हिब्रूत जी जादू बघताय ती थोडी तुमच्या घरातही आहे, आणि तिथेही ती सगळीकडे चालत नाही. 'येणं'चं प्रयोजक काय? कुणी म्हणत नाही. आपण 'आणणं' हा वेगळाच शब्द वापरतो. हिब्रूत उघडण्याचा धातू प-त-ख. पातख म्हणजे (कुणीतरी) उघडलं, निफ्तख म्हणजे (दार) उघडलं. तुमचं वाक्य तिथे 'लामा पाताख्ता एत हादेलेत' असं होईल, पाअल साच्यात, काही झगडा नाही. मग पिएल आणि हित्पाएल (कर्त्याकडे परत वळणारा साचा) रिकामे राहिले का? नाही. पितेआख म्हणजे विकसित केलं, हित्पातेआख म्हणजे विकसित झालं. 'उघडणं' ताणून 'उलगडणं', आणि तिथून 'वाढवणं'. हा ताण व्याकरणाने दिलेला नाही, माणसांनी दिलाय.

तेव्हा प्रत्येक धातूला पहिला प्रश्न असा विचारा: मुळात हे घडतं, की कुणी करतं? पडणं, सुकणं, मरणं हे घडणारे. कापणं, बांधणं, मारणं हे केले जाणारे. घडणाऱ्या धातूला 'घडवणारा' साचा लागेल. केल्या जाणाऱ्या धातूला 'आपोआप झालं' असा साचा लागेल. एवढ्याने साठातले चाळीस धातू मार्गी लागतील, आणि प्रत्येकाला दोनच साचे पुरतील.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: तुमच्या लोकांना या क्रियेवर दुसरा शब्द का लागला? माझ्या आताच्या भाषेतलं उदाहरण देतो. लोक कोरड्या खोऱ्यातले, पाटाच्या पाण्यावर जगणारे. धातू ग-श-ल, वाहणं. गाशल म्हणजे पाणी वाहिलं. प्रयोजक माग्शील, म्हणजे वाहवलं, पाट काढून शेतात पाणी सोडलं. आता पाणी सोडणारा माणूस पाटकरी, त्याला प्रत्येक शेतामागे धान्य द्यायचं, आणि शंभर वर्षांनी तो राजाचा माणूस झाला. म्हणून माग्शीलचा आजचा पहिला अर्थ 'सारा वसूल केला'. पाणी सोडणं या अर्थी ते फक्त म्हाताऱ्या बायका वापरतात. स्वतःकडे वळणारा साचा एग्गाशेल: अक्षरशः 'स्वतःला वाहू दिलं', वापरात 'दारू चढली'. चौथं रूप मी केलेलंच नाही. एका धातूवर इतका वेळ घालवला, आणि त्यातून मला साऱ्यावरून झालेल्या दंग्याचा एक अख्खा प्रसंग मिळाला.

कर्मणीबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे: तुमच्या सातांतले दोन साचे काढून टाका. पुअल आणि हुफ्अल ही पिएल आणि हिफ्इलची कर्मणी रूपं. हिब्रूतही ती अर्धीच आहेत. त्यांना आज्ञार्थ नाही, 'करायला' अशा अर्थाचं रूप नाही. बोलताना लोक सरळ अनेकवचन वापरून मोकळे होतात: अम्रू ली, म्हणजे 'मला म्हणाले', कोण म्हणालं ते सांगायचंच नाही. आपण 'म्हणतात की' म्हणतो तसंच. एका ध्वनिनाटकासाठी मी एकदा भाषा करून दिली होती, आणि तिच्यात कर्तरी-कर्मणीचा भेद फक्त एका स्वराचा ठेवला होता, इकाराचा उकार. कागदावर सुरेख. ध्वनिमुद्रणात नटांनी शब्द असे ओढले की 'राजाने मारलं' आणि 'राजा मारला गेला' यांतलं कुठलं झालं ते कुणालाच कळेना. दोन दिवस पुन्हा बसावं लागलं. चूक नटांची नव्हती. ज्या भेदावर गोष्ट उभी आहे तो नुसत्या एका स्वरावर टांगू नये.

याच्या उलट, एका रूपाला अनेक कामं देण्याला घाबरू नका. हित्पाएल बघा. हित्लाबेश, स्वतःला कपडे घातले. हित्कातेव, एकमेकांना लिहिलं. हित्हालेख, इकडेतिकडे फिरत राहिला. आणि तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलात, राजपुत्र अम्नोन आजारी पडल्याचं सोंग करतो, तेही याच साच्यात. चार कामं, पण आतून एकच धागा: क्रिया बाहेर जात नाही, कर्त्याकडे परत वळते. मराठीत 'मी त्याला उठवत नाही' आणि 'मला उठवत नाही' यांत रूप तेच आहे, काम पार वेगळं. आजूबाजूची विभक्ती सगळं सांभाळून घेते. तुमच्या भाषेतही थोडं काम विभक्तीवर, शब्दक्रमावर टाका. क्रियापदाने एकट्याने सगळा भार वाहावा हा हट्ट नवशिक्यांचा. माझाही होता.

आता काळ. इथे मी परिस्थितीवर सोडतो, पण कारण सांगतो. जुन्या हिब्रूत दोन मुख्य रूपं: प्रत्यय मागे लागणारं, कातव, आणि उपसर्ग पुढे लागणारं, यिख्तोव. पहिलं ढोबळ मानाने पुरी झालेली क्रिया, दुसरं न संपलेली किंवा व्हायची क्रिया. आजच्या हिब्रूत तीच भूत आणि भविष्य झाली, आणि मधला वर्तमान धातुसाधिताने भरला: कोतेव, कोतेवेत, कोत्वीम, कोत्वोत. म्हणून आजचा हिब्रू वर्तमानकाळ लिंग-वचन बघतो, पुरुष बघत नाही. 'अनी कोतेव' पुरुष म्हणतो, 'अनी कोतेवेत' बाई म्हणते. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही: मी लिहितो, मी लिहिते. भविष्यात मात्र दोघांचंही 'लिहीन', आणि हिब्रूतही दोघांचं 'एख्तोव'. योगायोग म्हणून सोडून देऊ नका. आपलं 'त'चं रूपही जुन्या धातुसाधितातूनच आलंय, आणि धातुसाधित हे मुळात विशेषण, म्हणून ते लिंग बघतं. तुमच्या भाषेत लिंगभेद कुठल्या काळात दिसावा याचं उत्तर इथे आहे: जो काळ विशेषणातून जन्मला त्यात. (मराठीतून हिब्रू शिकवणं नवं नाही, बरं का. कोकणातल्या बेने इस्राएलांसाठी, म्हणजे तिथल्या ज्यूंसाठी, मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मुंबईत मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं होतं.)

रूपांना काळाची नावं देऊ नका, एवढं मात्र ऐका. आपल्या जुन्या वैयाकरणांनी ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी नावं ठेवली, रूपावरून: 'त'चं, 'ल'चं, 'व'चं. आणि मग त्या रूपाचे उपयोग वेगळे सांगितले. शाळेत हा प्रकार कंटाळवाणा वाटायचा, पण भाषा रचणाऱ्याला याहून चांगली शिस्त नाही. कारण आई हाक मारते आणि आपण जागचे न हलता ओरडतो 'आलो!' रूप लाख्यात, काळ पाच मिनिटांनंतरचा. तेल अवीवमध्ये गप्पा संपवून उठताना म्हणतात 'तोव, हालाख्ती', शब्दशः 'बरं, मी गेलो', आणि म्हणणारा अजून खुर्चीतच असतो. आपलं 'चला, निघालो' अगदी हेच. बायबलातल्या उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देव अब्रामाला म्हणतो, तुझ्या वंशाला हा देश 'नाताती', दिला. अजून वंशाचा पत्ता नाही, पण शब्द दिला म्हणजे दिलाच. तुम्ही तुमच्या रूपाला 'भूतकाळ' असं नाव दिलंत की हे सगळे उपयोग तुमच्या हातून निसटतात. 'पहिलं रूप' म्हणा, आणि खाली लिहा: घडून गेलेलं, आत्ता होणारच असं, वचन, शाप, निकाल.

वावची गंमत. 'येही ओर, वायेही ओर.' प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला. दोन्हीकडे 'येही' तेच. पुढे 'वा' लागला आणि इच्छेची घटना झाली. वाचताना अंगावर काटा येतो, म्हणून प्रत्येक नव्या रचनाकाराला हा नियम हवाच असतो: अव्यय लावा, काळ उलटा. पण अव्ययात काही जादू नाही. सेमिटिक भाषांत पूर्वी दोन जवळजवळची रूपं होती, एक आखूड आणि एक शेवटी स्वर असलेलं लांब. आखूड रूप भूतकाळ सांगायचं आणि इच्छाही सांगायचं; अक्कादी या प्राचीन सेमिटिक भाषेत 'इप्रुस' म्हणजे त्याने तोडलं, हे त्याच घराण्यातलं. हिब्रूत शेवटचे ऱ्हस्व स्वर गळाले, दोन्ही रूपं बहुतेक ठिकाणी सारखी दिसू लागली, आणि जुना भूतकाळ 'वा'च्या आडोशाला तेवढा टिकून राहिला. नंतरच्या वैयाकरणांनी बघितलं तेव्हा त्यांना वाटलं, 'वा'नेच काळ उलटवला. तुम्हाला ही गंमत घ्यायची असेल तर दोन पायऱ्यांनी घ्या: तुमच्या भाषेची आजी बोलत होती ती दोन रूपं आधी ठरवा, मग स्वर गाळा, मग जे उरेल ते एखाद्या अव्ययाच्या मागे लपू द्या. नुसता नियम घेतलात तर वाचकाला कोडं वाटेल, भाषा वाटणार नाही.

अनियमित धातूंचंही हेच. फासे टाकून धातू वेडेवाकडे करू नका. जे रोज तोंडात असतात तेच झिजतात: करणं-केलं, जाणं-गेला, येणं-आला, मरणं-मेला. 'खरवडणं' कधी अनियमित झालेलं ऐकलंय? हिब्रूतही हालख (गेला) याचं भविष्य येलेख, 'ह' गायब. आणि नातन (दिलं) याचं 'मी दिलं' होताना शेवटचा 'न' पुढच्या 'त'मध्ये विरघळतो, म्हणूनच नाताती. काही गोष्टी तर अनियमित नाहीतच, जिभेची सोय आहे. श-म-श या धातूला हित्पाएल लावलं तर हित्शामेश व्हायला हवं, पण होतं हिश्तामेश, कारण 'त्श'पेक्षा 'श्त' सोपं. ज-क-न (म्हातारं होणं) मध्ये तो 'त'ही 'द' होतो, हिज्दाकेन. असे दोन उच्चारनियम करा आणि सगळ्या धातूंना सरसकट लावा. तक्ता आपोआप खडबडीत होईल, आणि त्यामागे कारणही असेल.

इथवरचं थोडक्यात: दोन कर्मणी साचे काढा, धातू घडणारा की केला जाणारा ते ठरवा, रूपांना काळाची नावं देऊ नका, आणि रोजचे सात-आठ धातूच झिजवा.

राहिला आज्ञार्थ. होकारार्थी आज्ञेला वेगळं रूप नसलं तरी चालेल. आजचे इस्रायली लोक बोलताना बहुतेक वेळा भविष्यकाळच वापरतात. 'उघड' म्हणायला 'तिफ्ताख', म्हणजे 'तू उघडशील'. नकाराचं मात्र नीट बघा, कारण तुमच्या कादंबरीत राजा आहे. जुन्या हिब्रूत मनाई दोन प्रकारची. 'अल तिरा' म्हणजे भिऊ नकोस: समोरच्या माणसाला, आत्ता, या प्रसंगापुरतं. 'लो तिग्नोव' म्हणजे चोरी करू नये, कधीच, कुणीच: दगडावर कोरलेलं. क्रियापद दोन्हीकडे उपसर्गवालंच, फरक मुख्यतः पुढच्या नकारशब्दाचा. आपण 'जाऊ नकोस' आणि 'जाऊ नये' यांत तोच भेद करतो. तुमच्या राजाच्या फर्मानात दुसरा नकार घाला. आणि तोच राजा रात्री लेकीशी बोलताना पहिला नकार वापरू दे. मग त्या रात्री एकदा, एकदाच, त्याच्या तोंडून चुकून फर्मानातला नकार निघाला, तर ती मुलगी दचकेल.